जेवणाची सुट्टी

"बाकी सगळं झकास झालंय. एवढंच एक राहिलंय," बापूसाहेब खराडे म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला. "पुनर्विवाहवाले शेवटी घ्या."

मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. ऐकू आलंच नाही असं दाखवलं की काही माणसं आपणहून विषय सोडतात. बापूसाहेब त्यातले नव्हते. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे ते कितीतरी वर्षं अध्यक्ष होते आणि समाजातली निम्मी लग्नं आपणच जमवली असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातली टिकली किती, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"शेवटी म्हणजे?" प्रसन्नने विचारलं. प्रसन्न गुरव माझा भागीदार. सांगलीत एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, दोन टेबलं, एक पंखा आणि आम्ही दोघं, एवढीच आमची कंपनी होती.

"असं बघा. एखाद्यानं अ‍ॅपमध्ये 'मिरज' टाकलं, 'पदवीधर' टाकलं, की तिथल्या सगळ्या पदवीधर मुली येतात. त्यात पहिल्यालाच एखादी विधवा नाहीतर घटस्फोटित दिसली, तर आईबापाचं मन खट्टू होतं. त्यांना काढा असं मी म्हणत नाही. राहू देत की. फक्त खाली राहू देत."

तोवर मंडळ दरवर्षी एक जाडजूड पुस्तिका छापायचं आणि मुलामुलींचे आईबाप बोटाला थुंकी लावून तिची पानं उलटायचे. त्या जागी आम्ही अ‍ॅप केलं होतं, आणि त्या अ‍ॅपमधला शोध म्हणजे माझा जीव की प्राण. तो आम्ही शून्यातून लिहिलेला नव्हता. बाहेरच्या एका कंपनीची शोधाची तयार सेवा होती, तिचा एपीआय, म्हणजे तिच्याशी बोलायचा दुवा, आम्ही अ‍ॅपला जोडला होता. मंडळाकडची सगळी माहिती त्या सेवेकडे ठेवायची. अ‍ॅपमध्ये कुणी एखादं अक्षर टाकलं की ते तिकडे जाणार आणि उत्तर घेऊन येणार. 'मि' टाकलं की मिरजेची स्थळं हजर. घाईत कुणी 'मिर्ज' लिहिलं तरी मिरजच. तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मी खुर्चीतून उठून खाली रस्त्यावर एक चक्कर मारून आले होते, इतका आनंद झाला होता.

उत्तरं कोणत्या क्रमाने दाखवायची ते मात्र आपण ठरवायचं. त्या सेवेच्या एका पानावर नियम एकाखाली एक लावायचे. नवी नोंदणी आधी, जवळचं गाव आधी, असे. नियम वाढवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून प्रसन्न लगेच म्हणाला, "होईल की बापूसाहेब. त्यात काय."

"होणार नाही," मी म्हणाले.

बापूसाहेब माझ्याकडे वळले. "अवघड आहे का पोरी?"

"सोपं आहे. पण मी करणार नाही."

"मेळाव्यात पण आपण तसंच करतो की. इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नाही."

हे 'तसंच' म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या परिचय मेळाव्यात मुलींना गुलाबी बिल्ला, मुलांना निळा, आणि पुनर्विवाहाचं स्थळ असेल तर पिवळा. सकाळपासून एकेकाने स्टेजवर यायचं, माईकवर आपली माहिती सांगायची. आधी गुलाबी आणि निळे. उन्हं डोक्यावर आली की निवेदक म्हणणार, "आता जेवणाची सुट्टी." पिवळ्यांची पाळी जेवणानंतर. पत्रिकेत असं कुठे छापलेलं नसतं. लोक मसालेभात खातात, जिलेबी खातात, सुपारी तोंडात टाकतात आणि घरी जातात.

"तक्रार करायची कुणाकडे बापूसाहेब? तोवर हॉलमध्ये खुर्च्याच असतात फक्त," मी म्हणाले. "आणि मागच्या वर्षी पुण्याचा तो इंजिनियर, बायको वारलेला, त्याला बरा जेवणाआधी घेतलात."

"त्याला परत जायचं होतं. लांबून आला होता बिचारा."

"चंदगडहून एक शिक्षिका आली होती. चंदगड काय वाटेवर आहे? ती बसली शेवटपर्यंत."

बापूसाहेबांनी प्रसन्नकडे पाहिलं. प्रसन्नने पंख्याकडे पाहिलं.

"एक करू," मी म्हणाले. "नियम मी टाकते. तुम्ही रविवारी मेळाव्यात माईकवरून जाहीर करा, की आमच्या अ‍ॅपमध्ये विधवा आणि घटस्फोटित बायका सगळ्यांच्या खाली दिसतील. फक्त जेवणाआधी जाहीर करा, हॉल भरलेला असताना."

"असं कुठं बोलून दाखवायचं असतं होय?"

"बोलायचं नसेल तर करायचं कशाला?"

ते उठले. चप्पल घालता घालता म्हणाले, "प्रसन्न, तुम्ही दोघं बोलून घ्या. रविवारच्या आत झालेलं बरं." माझ्याशी बोलून काही उपयोग नाही हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्याचं मला बरंच वाटलं.

ते जिना उतरून गेल्यावर प्रसन्नने दार लावलं. "शर्वरी, एक नियम आहे गं. एवढी काय हटून बसलीयेस?"

"एकच आहे म्हणून तर."

"आणखी दोन मंडळं आपल्याकडे येऊ म्हणतायत. हे बिनसलं तर ती येणार नाहीत. ही खोली सोडावी लागेल."

"सोडू."

"तुला काय, मिरजेत घर आहे."

ते खरं होतं. तो विट्याचा, इथे भाड्याने राहायचा, गावाकडे पैसे पाठवायचा. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण मी म्हणाले, "त्या सेवेचा पासवर्ड दोघांकडे आहे. तू त्याला हात लावायचा नाहीस." तो काही बोलला नाही. गप्प बसला म्हणजे कबूल केलं, असं मी धरून चालले.

घरी मी यातलं काही सांगितलं नाही. घरी आम्ही तिघी होतो: आई, वृषालीवहिनी आणि मी. दादा तासगाव रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हा त्याच्या लग्नाची पुरणपोळी अजून लोकांच्या तोंडात होती. वहिनी माहेरी गेली नाही. मिरजेतल्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची, संध्याकाळी येताना भाजी आणायची आणि माझ्याशी भांडायची. तिने पुन्हा लग्न करावं असं मला वाटायचं. हे मी घरात अनेकदा बोलून दाखवलं होतं, आणि आईने त्याला कधी हो म्हटलं नव्हतं, कधी नाहीही म्हटलं नव्हतं. मी विषय काढला की ती स्वयंपाकघरात जायची आणि तिथून आवाज यायचा, "गार होतंय. जेवून घ्या."

आमच्याकडे गार जेवणाइतका मोठा गुन्हा नाही. दादा असताना क्रिकेटचा सामना रंगात आलेला असो, दारात पाहुणे असोत, आईने पानं वाढली की सगळं टाकून उठायचं. दादा गेल्यावरही ते तसंच चालू राहिलं. लग्नाचा विषय निघाला की मात्र पानं जरा लवकरच वाढली जात.

मागच्या वर्षी मीच वहिनीला मेळाव्याला नेलं होतं. आई आली नव्हती. पिवळा बिल्ला लावून वहिनी सकाळपासून बसली. जेवणं झाली, हॉल ओस पडला, वाढपी पोरं टेबलांवरचे कागद गुंडाळायला लागली, आणि मग निवेदकाने जांभई देत तिचं नाव पुकारलं. वहिनी स्टेजवर गेली. रिकाम्या खुर्च्यांवरून तिने एकदा नजर फिरवली आणि माईकमध्ये म्हणाली, "मी वृषाली थोरवत. रक्त काढताना माझा हात हलका आहे, दुखत नाही. जिलेबी संपली का?"

मागून एक वाढपी म्हणाला, "आहे ताई. देऊ का?"

परत येताना रिक्षात ती हसून हसून बेजार झाली. "निदान त्याला तरी मी पसंत पडले." मग बाहेर बघत म्हणाली, "शर्वरी, पुढच्या वर्षी मला हे सांगू नकोस. मी त्या खुर्च्यांसमोर परत उभी राहणार नाही."

म्हणून मंडळाचं अ‍ॅप करायचं ठरलं तेव्हा पहिली बातमी मी तिला दिली होती. तिने संशयाने विचारलं, "त्यात पिवळे बिल्ले कधी येतात?"

"अ‍ॅपमध्ये बिल्ले नसतात. आणि जेवणाची सुट्टी पण नसते."

"बघ हं."

"शब्द देते."

त्या शब्दावर तिने माझ्या फोनवर आपली माहिती भरली. फोटो लॅबमधला, पांढऱ्या कोटातला दिला. साडीतला दे म्हटलं तर म्हणाली, "कोट बघून जो पळेल तो साडी बघून पण पळेल." अ‍ॅपची तपासणी म्हणून मी रोज काहीबाही शोधायचे, पण शेवटी एकदा 'मिरज' टाकायचेच. वहिनी दुसरी यायची. शनिवारी संध्याकाळीही दुसरीच होती.

रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा ती चहा पीत होती. "येतेस?" मी विचारलं.

"नाही. लॅबला जाते. अ‍ॅपमध्ये आहे ना, तेवढं पुरे."

आई दुधाला विरजण लावत होती.

माधवनगर रस्त्यावरचं मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. गुलाबी आणि निळ्या बिल्ल्यांची माहिती सांगून होत आली तेव्हा बापूसाहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. "आपल्याच समाजाची लेक," असं म्हणून माझं कौतुक केलं. मागे भलामोठा पडदा होता, माझ्यासमोर लॅपटॉप, आणि प्रसन्न पायऱ्यांजवळ वायरी सांभाळत होता.

"कुठलंही गाव सांगा," मी माईकवर म्हणाले.

"आटपाडी," कुणीतरी ओरडलं. मी मुद्दाम चुकीचं लिहिलं तरी आटपाडीची स्थळं पडद्यावर आली. लोक पुढे सरकून बसले.

पहिल्या रांगेतले एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "कवठेमहांकाळ टाक. तेवढं लिहून होईस्तोवर आमचं जेवण होईल." हॉल हसला. मी 'कव' एवढंच लिहिलं आणि पडदा भरला. आजोबांनी टाळी वाजवली, त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी. तो क्षण फार गोड होता, खोटं कशाला बोलू.

मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "मिरज टाका की."

मी मिरज टाकलं. पहिली एक गुलाबी बिल्ल्याची मुलगी. दुसरीही गुलाबी. मी खाली गेले. आणखी खाली. सगळ्या मुली संपल्या आणि तळाशी त्या एकत्र दिसल्या, मागच्या वर्षी हॉलमध्ये शेवटी उरल्या होत्या तशाच. अगदी शेवटी पांढरा कोट.

मी पायऱ्यांकडे पाहिलं. प्रसन्न आधीच घट्ट बसवलेला प्लग पुन्हा बसवत होता.

मला संताप आला. इतका आला की घाबरायला जागाच राहिली नाही. मी अ‍ॅप बाजूला केलं आणि त्या शोधसेवेचं नियमांचं पान उघडलं. मागच्या पडद्यावर ते सगळ्या हॉलला दिसायला लागलं.

"हे काय करतेस?" प्रसन्न खालून पुटपुटला.

"नियम दाखवतेय," मी माईकवरच म्हणाले. "मंडळी, तुम्ही काही शोधलंत की उत्तरं कुठल्या क्रमाने येतात ते इथे ठरतं. वाचून दाखवते. नवी नोंदणी आधी. जवळचं गाव आधी. आणि हा तिसरा, पुढे वेळ आहे, आज सकाळी घातलेला. पुनर्विवाह शेवटी."

प्रसन्न नेटका माणूस, प्रत्येक नियमाला मराठीत नाव द्यायचा. त्यामुळे मी खोटं वाचतेय असं कुणाला म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"मेळाव्यात आपण याला जेवणाची सुट्टी म्हणतो," मी पुढे बोलले. "अ‍ॅपला भूक लागत नाही. म्हणून ही सुट्टी मी काढून टाकतेय. ज्यांना हा नियम हवा असेल त्यांनी उभं राहावं आणि आपलं नाव सांगावं. त्यांच्या नावाने तो इथेच ठेवते, सगळ्यांना दिसेल असा."

बापूसाहेब आपल्या गळ्यातल्या हाराची फुलं नीट करत होते. मी थांबले. कुणाची खुर्ची हलली नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून पाळलेला नियम, आणि त्याला एक मालक मिळेना.

नियमाच्या पुढे एक छोटी फुली होती. ती मी दाबली. मग पुन्हा मिरज टाकलं. वहिनी दुसरी आली.

तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं. नियम हवा असणारं निघालंच कुणीतरी, असं वाटलं. उजेड डोळ्यांवर होता, मला आधी फक्त पिवळा बिल्ला दिसला. मग चेहरा दिसला.

लॅबला गेलेली वहिनी. दारात बिल्ला मागून घेऊन, तो खांद्यापाशी लावून बसली होती. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत, लग्नाकार्यातली निळी इरकली साडी नेसून, आमची आई.

वहिनीने पर्स आईकडे दिली आणि मधल्या वाटेने चालत यायला लागली. बापूसाहेबांनी माझ्या हातातला माईक जवळजवळ ओढूनच घेतला. "मंडळी, वेळ झालेली आहे. सर्वांनी भोजनाचा लाभ घ्यावा. पुढचा कार्यक्रम जेवणानंतर." लोक उठायला लागले. वहिनी तोवर पायऱ्यांपाशी पोचली होती.

"मी बोलते," ती म्हणाली.

"जेवणानंतर बोला की. आपापल्या पाळीनं."

"पाळी कुठे लिहिलीय ते दाखवा, मग थांबते."

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मध्ये येणार नाही. मंडळाचं काम त्याच आठवड्यात आमच्याकडून गेलं. ती दोन मंडळंही आली नाहीत आणि आम्ही खोली सोडली. प्रसन्न पुण्याला गेला. त्याच्याशी मी वर्षभर बोलले नाही, आता बोलते. मंडळाने दुसऱ्याकडून अ‍ॅप करून घेतलं, त्यात कोण वर दिसतं आणि कोण खाली, ते मला ठाऊक नाही. वहिनीचं लग्न त्या मेळाव्यातून जमलं नाही. पुढे तिने स्वतःचं स्वतः जमवलं, आणि सासरहून अजूनही येऊन माझ्याशी भांडते. मी त्यानंतर पुष्कळ शोध बांधले, याहून मोठे आणि याहून वेगवान. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं, तर मी ती फुली सांगते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी वहिनी पायरीवर होती, बापूसाहेब माईक छातीशी धरून तिच्या वाटेत उभे होते आणि अर्धा हॉल उठून उभा होता. जेवणाच्या दालनाचं दार उघडलं होतं आणि मसालेभाताचा वास आत येत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळे बाहेर पडले असते आणि वहिनीसमोर पुन्हा खुर्च्याच उरल्या असत्या. तिलाही ते कळत होतं. कठडा धरून ती आणखी एक पायरी चढली.

बापूसाहेबांनी हॉलवरून नजर फिरवली आणि त्यांना आई दिसली. ते आईला ओळखत होते. चारचौघांत तोंड न उघडणारी बाई म्हणूनच ओळखत होते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"थोरवतवहिनी, तुम्ही तरी सांगा सुनेला. पानं वाढलीत. जेवण गार होतंय."

उठलेली माणसं जिथल्या तिथे वळून आईकडे बघायला लागली. या शब्दाला आई उठली नाही असं आयुष्यात कधी घडलं नव्हतं. जन्मभर मी तो शब्द तिच्याच तोंडून ऐकत आले होते.

आई उठली नाही. वहिनीची पर्स तिने मांडीवर नीट ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"होऊ द्या गार," ती म्हणाली. "बोल गं वृषाली."